संक्षेपाक्षरांचा अर्थ व त्यांचा उचित उपयोग



पालकांस कळवावयाचे निरोप आता बहुतेक शाळांतून भ्रमणध्वनीवरून जातात. पूर्वी फळ्यावरचा निरोप मुलांनी वहीत उतरवून घ्यावयाचा, घरी दाखवावयाचा आणि दुसऱ्या दिवशी पालकांची सही आणावयाची, अशी रीत होती. तीत वेळ जात असे हे खरे. परंतु निरोप पुरा लिहिला जाई, कारण मुलांच्या शुद्धलेखनाचाही तोच पाठ असे. व्हॉट्सॲपवरील गट आल्यापासून निरोप क्षणात पोहोचू लागला आणि त्याच क्षणात तो लिहिलाही जाऊ लागला. त्या घाईतून शब्द आखडण्याची सवय जडली. शब्दाचे पहिले अक्षर लिहावयाचे, पुढे टिंब द्यावयाचे, आणि कित्येकदा तेही द्यावयाचे नाही. सकाळी 'जीएम', रात्री 'जीएन', वाढदिवसास 'एचबीडी', निरोप घेताना 'टीसी', आणि कोणी निवर्तले तर 'भापूश्र'. यांपैकी काही अक्षरे इंग्रजीतून आली, काही आपणच घडविली. त्यांचा अर्थ काय, ती कोठे शोभतात आणि कोठे घात करितात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

घात हा शब्द मुद्दाम योजिला आहे. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका लहान शाळेच्या मुख्याध्यापकांनी संध्याकाळी पालकांच्या गटावर निरोप टाकिला : 'उद्या शा. सु. नोंद घ्यावी.' दोन दिवस पावसाची झड लागली होती व वरिष्ठांकडून सुट्टीची सूचना आली होती. 'शाळेस सुट्टी' असे त्यांस म्हणावयाचे होते. गावातील पालकांनी ते तसेच वाचिले, कारण सुट्टी होणार हे गावात बोलले जात होते. पण ओढ्यापलीकडील वाडीवर ते बोलणे पोहोचले नव्हते. तेथील एका बापाने 'शाळा सुरू' असे वाचिले आणि आपली दोन मुले सकाळी घोंगडे देऊन पाठविली. मुले ओढ्यावरील फरशी ओलांडून शाळेपाशी आली तो दारास कुलूप. परत फिरली तेव्हा फरशीवर पाणी चढले होते. थोरली मुलगी चौथीत होती. तिने धाकट्याचा हात धरून पाण्याकडे न जाता मागे शाळेच्या ओसरीवर येऊन बसण्याचे शहाणपण दाखविले. दुपारी दूध संस्थेच्या माणसाने त्यांस पाहिले तेव्हा दोघेही भिजून कुडकुडत होती. पुढे काही विपरीत घडले नाही. ते मुख्याध्यापक म्हणजे प्रस्तुत लेखकच होय. 'सु.' या एका अक्षराचे दोन परस्परविरुद्ध अर्थ होतात हे त्यास लिहिताना सुचले नाही, कारण त्याच्या मनात एकच अर्थ होता. संक्षेपातील सर्व दोषांचे मूळ हेच असते. लिहिणाऱ्यास पुरा शब्द आधीच ठाऊक असतो. वाचणाऱ्यास तो शोधावयाचा असतो.

असे असले तरी संक्षेपाची रीतच टाकाऊ आहे असे मानण्याचे कारण नाही. ती आपल्या भाषेत फार जुनी आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील मोडी कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांच्या ध्यानात असेल की, कारकून प्रथम पानभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग लेखणी होता होईल तो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जात. अशा लेखनात वारंवार येणारा शब्द पुरा लिहिणे परवडत नसे. 'मौजे' बद्दल 'मौ॥', 'किल्ले' बद्दल 'कि॥', 'परगणे' बद्दल 'प॥' अशी अक्षरे येत आणि त्यांपुढे दोन उभ्या रेघा पडत. या दोन रेघा म्हणजे त्या काळचे संक्षेपचिन्ह. गंमत अशी की, हीच दोन रेघांची खूण अंकापुढे आली म्हणजे तिचा अर्थ 'अर्धा' असा होई. '२॥' म्हणजे अडीच. एकच चिन्ह दोन कामे करी, तरी घोटाळा होत नसे. कारण अक्षरापुढे ते एक काम करी व अंकापुढे दुसरे, आणि लिहिणारा व वाचणारा या दोघांनाही ही वाटणी शिकविलेली असे.

खाजगी पत्रांचेही तसेच. आपल्या वडील पिढीतील कोणाच्याही पेटीत जुनी पोस्टकार्डे सापडतील. ती मुलांस आणावयास सांगावी. आरंभी 'ती.' असेल तर पत्र वडील नात्यास आहे, 'चि.' असेल तर धाकट्यास आहे, 'रा. रा.' असेल तर परक्या गृहस्थास आहे, हे पाहता क्षणीच कळते. 'ती.' म्हणजे तीर्थरूप. सख्ख्या आईबापांखेरीज इतर वडीलधाऱ्यांस 'ती. स्व.', म्हणजे तीर्थस्वरूप, लिहीत. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री. पुढे मायना : वडिलांस 'शि. सा. न.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, बरोबरीच्यास 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, लहानास 'अ. उ. आ.', म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. शेवटी 'क. लो. अ.', कळावे, लोभ असावा. आणि विसरलेली गोष्ट आठवली तर 'ता. क.', म्हणजे ताजा कलम.

या सर्व अक्षरांत एक विशेष आहे, त्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. आखडलेला भाग हा नेहमी ठरलेला, दोघांच्याही तोंडी असलेला भाग असे. नमस्कार आखडीत, बातमी आखडीत नसत. 'सा. न. वि. वि.' झाल्यावर 'म्हैस व्याली, पाडी झाली, दूध बरे आहे' हे मात्र पुरते लिहिलेले सापडेल. आणि मरणाची वार्ता तर कधीच आखडीत नसत. त्या कार्डाच्या माथ्यावर 'श्री' देखील लिहीत नसत, ही त्याची खूण असे. आजच्या निरोपात आपण नेमके उलटे करितो. नमस्कार गाळतो आणि बातमी आखडतो.

आता थोडे खर्चाविषयी. मनुष्य शब्द का आखडतो, हे पुष्कळदा तो कशाचे पैसे देतो यावर अवलंबून असते. तारेचा आकार दर शब्दावर असे. म्हणून तारेत शब्द गाळीत, पण आखडीत नसत. 'आई गंभीर ताबडतोब निघा' या चार शब्दांतील एकही शब्द तोडलेला नाही. तोडून काही वाचतही नव्हते. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश घरोघर आला होता, आणि तेथे मोजमाप शब्दांचे नसून अक्षरचिन्हांचे होते. एका संदेशात रोमन लिपीची १६० चिन्हे मावत. देवनागरीची मात्र केवळ ७०. कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास यंत्रात अधिक जागा लागते. शिवाय यंत्राच्या हिशेबी काना, मात्रा, वेलांटी व हलन्ताची खूण ही सर्व स्वतंत्र चिन्हे होत. 'कोल्हापूर' हा शब्द आपण चार अक्षरांत उच्चारतो. यंत्र त्याची नऊ चिन्हे मोजते. 'गटशिक्षणाधिकारी' हा एक शब्द लिहिला की पंधरा चिन्हे संपली. अशा स्थितीत पुष्कळांनी मराठी मजकूर रोमन लिपीत लिहिण्याचा मार्ग धरिला आणि त्यातही स्वर गाळून व्यंजने ठेविली. इंग्रजीत तर उच्चारसाम्यावरून शब्दाच्या जागी आकडा घालण्यापर्यंत मजल गेली. हे सर्व पैसे वाचविण्यासाठी होते व त्या वेळी ते समजण्यासारखे होते. आजच्या व्हॉट्सॲप निरोपास अशी मर्यादा नाही. दहा ओळी लिहिल्या तरी एका ओळीइतकाच खर्च. तेव्हा कारण गेले आणि सवय मात्र राहिली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

इंग्रजी संक्षेपांपैकी जे आपल्या गटांवर नित्य दिसतात त्यांची ओळख शिक्षकास असणे बरे, कारण मुले ते विचारितात. 'ओ. के.' हा त्यांतील सर्वांत रुळलेला. १८३९ साली अमेरिकेतील बोस्टन शहराच्या एका वृत्तपत्रात 'सर्व बरोबर' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग थट्टेने चुकवून त्यांची आद्याक्षरे छापण्यात आली. ती थट्टा जगभर पसरली आणि आपल्या खेड्यातील म्हातारीच्याही तोंडी बसली. 'ओ. एम. जी.', म्हणजे 'अरे देवा!' अशा अर्थाचा उद्गार, हा मुलांस अगदी आजचा वाटतो. परंतु ब्रिटिश आरमाराचे माजी प्रमुख लॉर्ड फिशर यांनी चर्चिल यांस १९१७ साली लिहिलेल्या पत्रात तो आढळतो. (त्याच साली आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढिला, हे येथे जाता जाता आठवते.) 'एल. ओ. एल.' याचा रूढ अर्थ 'मोठ्याने हसू आले' असा आहे. परंतु 'पुष्कळ प्रेम' अशीही त्याची फोड होऊ शकते. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन हे पुष्कळ दिवस दुसऱ्याच अर्थाने तो लिहीत असत, असे २०१२ साली एका चौकशीपुढील साक्षीत बाहेर आले. 'आर. आय. पी.' हा मुळात 'शांतपणे विसावो' अशा अर्थाच्या लॅटिन प्रार्थनेचा संक्षेप असून ख्रिस्ती थडग्यांवर तो कोरीत. 'टीसी' म्हणजे 'काळजी घ्या'.

शाळेच्या गटावर हा शेवटचा संक्षेप किती विचित्र दिसतो ते पाहा. आपल्याकडे 'टी. सी.' म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. रेल्वेत तिकीट तपासनीस. एखाद्या पालकास आपण मुलाच्या आजाराबद्दल चार शब्द लिहून शेवटी 'टीसी' असे लिहिले, तर तो बिचारा मुलाचा दाखला घेऊन जाण्यास सांगितले असे समजावयाचा!

असे दुहेरी संक्षेप आपल्या जिल्ह्यात आणखी आहेत. कोल्हापुरात 'सीपीआर' म्हटले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. पण प्रथमोपचाराच्या वर्गात हीच तीन अक्षरे हृदयक्रिया बंद पडली असता छाती दाबून ती चालू करण्याच्या उपायास लावितात. 'त्यांना सीपीआर दिला' आणि 'त्यांना सीपीआरला नेले' या दोन वाक्यांत केवळ प्रत्ययाचा आधार आहे; नुसते 'सीपीआर' असे लिहिले तर आधारच नाही. 'एस. टी.' ही आपल्या खेड्यांची गाडी. ती इतकी रुळली की शब्द स्त्रीलिंगी झाला, तिचे अनेकवचन झाले, आणि तिच्या मूळ इंग्रजी शब्दांची कोणास आठवणही उरली नाही. मात्र शिष्यवृत्तीच्या तक्त्यात तीच अक्षरे अनुसूचित जमातीसाठी येतात. 'एस. टी. च्या मुलांची यादी पाठवावी' असा निरोप आला म्हणजे गाडीने येणारी मुले पासासाठी हवी आहेत की जमातीची नोंद हवी आहे, असा प्रश्न नव्या शिक्षकास पडतो. त्याने चुकीची यादी पाठविली तर एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती मुदतीबाहेर जाते.

मराठी संक्षेपही यातून सुटलेले नाहीत. 'मा.' म्हणजे माननीय, आणि 'मा.' म्हणजे माजी. 'मा. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती' असे फलकावर लिहिले तर विद्यमान अध्यक्षांस आपले पद गेलेसे वाटेल आणि माजी अध्यक्षांस ते परत मिळालेसे. 'प्रा.' म्हणजे प्राध्यापक व प्राथमिकही. 'ता.' हा तारीख, तालुका आणि ताजा या तिघांचा धनी. 'मु.' हा पत्त्यात मुक्काम, शाळेत मुख्याध्यापकांच्या 'मु. अ.' मधील मुख्य. यांतील पुष्कळ ठिकाणी जागा अर्थ सांगते. 'मु. पो.' नंतर गाव व 'ता.' नंतर करवीर किंवा भुदरगड आले की कोणी चुकत नाही. जेथे जागा अर्थ सांगत नाही तेथे पुरा शब्द लिहावा. ही एकच कसोटी ध्यानात ठेविली तरी अर्धे काम होते.

आता लेखनाच्या बाजूकडे वळू. येथे प्राथमिक शिक्षकाचा खरा प्रांत आहे आणि येथेच चुका सर्वाधिक होतात.

मराठीत संक्षेप अक्षराचा होतो, इंग्रजीत वर्णाचा. विष्णु सखाराम खांडेकर हे आपल्या कोल्हापूरचे थोर लेखक. त्यांच्या 'ययाति' या कादंबरीस १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. ते 'वि. स.' खांडेकर, 'व. स.' नव्हेत. 'वि' मधील वेलांटी अक्षराचाच भाग आहे, ती सोडता येत नाही. जोडाक्षरही तोडीत नाहीत : त्र्यंबक याचा संक्षेप 'त्र्यं.', प्रल्हाद याचा 'प्र.', चिंतामण याचा अनुस्वारासह 'चिं.' मुलांस आपल्या नावाचे व वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लिहावयास सांगितले असता पुष्कळ मुले 'श्रीकांत' चे 'श.' करितात, त्यांस हा नियम खडूने फळ्यावर अक्षर पाडून दाखवावा.

दुसरी गोष्ट ऱ्हस्वदीर्घाची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले व १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. त्यांप्रमाणे मराठी शब्दाच्या अखेरचा इकार वा उकार दीर्घ लिहावयाचा. 'आणि' व 'नि' हे अपवाद. हे शिकलेला हुशार मुलगा विचारितो, 'गुरुजी, मग जि. प. मधील जि ऱ्हस्व का?' प्रश्न उत्तम आहे व त्याचे उत्तर द्यावयास हवे. संक्षेप हा शब्द नव्हे, तो शब्दाचा तुकडा होय. तुकड्याने मूळ शब्दातील रूप सोडावयाचे नसते. 'जिल्हा' मधील 'जि' ऱ्हस्व, म्हणून 'जि.' ऱ्हस्व. 'चिरंजीव' चा 'चि.', 'मुक्काम' चा 'मु.', 'शिरसाष्टांग' चा 'शि.', 'विनंती' चा 'वि.' हे सर्व ऱ्हस्व. आणि 'तीर्थरूप' चा 'ती.' दीर्घ. 'रुपये' मधील पहिला उकार ऱ्हस्व आहे, म्हणून 'रु.' हेच शुद्ध. दुकानांच्या पाट्यांवर 'रू.' दिसते ते चूक होय.

याच्या अगदी उलट रीत इंग्रजी आद्याक्षरांची. तेथे आपण इंग्रजी वर्णाचे नाव मराठीत लिहितो आणि ते नाव दीर्घ आहे : बी, सी, डी, जी, पी, टी. म्हणून शासन निर्णयास 'जी. आर.' असे दीर्घ लिहावयाचे आणि जिल्हा परिषदेस 'जि. प.' असे ऱ्हस्व. 'जी. प.' आणि 'जि. आर.' ही दोन्ही रूपे आपल्याच शाळांच्या भिंतींवर प्रस्तुत लेखकाने रंगविलेली पाहिली आहेत. रंगाऱ्यास दोष देऊन उपयोग नाही; त्यास कागदावर लिहून देणारे आपणच असतो.

टिंबाविषयी फार बोलण्यासारखे नाही. मराठीत संक्षेपापुढे पूर्णविरामाचेच टिंब देतात. हिंदीत पोकळ वर्तुळाची निराळी खूण आहे, ती आपल्याकडे रूढ नाही. वाक्य संक्षेपाने संपले तर दोन टिंबे देऊ नयेत. जो संक्षेप शब्दासारखा सलग उच्चारला जातो, जसे 'डाएट' किंवा 'युडायस', त्यास मध्ये टिंबे नकोत. जो अक्षर अक्षर उच्चारला जातो त्यास ती द्यावी. संक्षेपाचे दोन भाग दोन ओळींत फुटू देऊ नयेत.

'डाएट' वरून आठवले. अलीकडे सरकारी योजनांची नावे अशी बेतली जातात की त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून एखादा भारतीय शब्द तयार व्हावा. शाळांची माहिती भरावयाची 'सरल' प्रणाली, २०१७ चे 'दीक्षा' व्यासपीठ, २०२१ चे 'निपुण' अभियान ही सर्व त्या जातीची. युक्ती चांगली आहे, नाव लक्षात राहते. परंतु पालक 'निपुण' हा नुसता विशेषण समजतात आणि 'तुमचा मुलगा निपुण नाही' असे ऐकून दुखावतात. वस्तुतः तेथे सांगावयाचे असते ते एवढेच की, समजून वाचणे व अंकगणित यांतील इयत्तेनुसार ठरलेले टप्पे मुलाने अजून गाठलेले नाहीत. पालकांशी बोलताना हे मराठीत फोडून सांगावे. 'सरल भरले का?' हे वाक्य शिक्षकांत चालेल. आजीस ते कळणार नाही, आणि दाखल्यावरील जन्मतारीख बहुधा तिलाच ठाऊक असते.

आता जरा नाजूक भागाकडे. माणसाच्या नावामागे लागणारी अक्षरे ही त्या माणसाविषयी काही सांगत असतात, आणि आपण सांगतो ते खरे आहे की नाही, त्यास रुचेल की नाही, याचा विचार लिहिण्यापूर्वी व्हावा. 'कै.' म्हणजे कैलासवासी. आपल्या जिल्ह्यात मुसलमान, जैन, लिंगायत, बौद्ध, ख्रिस्ती अशी सर्व घरे आहेत. मुसलमान गृहस्थामागे 'पै.', म्हणजे पैगंबरवासी, लिहितात. लिंगायत घरी 'लिंगैक्य' म्हणतात. बौद्ध घरी 'कालकथित'. देणगीच्या पाटीवर किंवा बक्षिसाच्या घोषणेत सर्वांस सरसकट 'कै.' लावणे हे अज्ञान होय. घरच्यांस विचारावे, विचारणे शक्य नसल्यास 'दिवंगत' असा पुरा शब्द लिहावा.

स्त्रियांच्या नावामागील 'सौ.', 'कु.', 'गं. भा.' ही अक्षरे तर त्यांच्या संसाराची स्थितीच जाहीर करितात. पुरुषाच्या 'श्री.' वरून असे काहीच कळत नाही. 'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी. पती निवर्तलेल्या स्त्रीस मानाने लावावयाचा हा शब्द, परंतु मानाबरोबर तो वैधव्याची पाटीही गळ्यात घालतो. आपल्याच शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला व त्याची दखल राज्याने घेतली. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये 'विधवा' या शब्दाऐवजी 'गं. भा.' लावावे असा विचार शासनस्तरावर पुढे आला तेव्हा त्यावर राज्यभर टीका झाली. मुलाच्या आईचे नाव पालकसभेच्या यादीत लिहिताना या दोन गोष्टी आठवाव्या. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, सर्व मातांस 'श्रीमती' हा एकच शब्द, आणि तोही पुरा, लावावा. वर्गात मुले यादी वाचतात, आणि ज्या मुलाचा बाप नाही ते मूल आपल्या आईच्या नावामागील दोन निराळी अक्षरे पाहतेच.

आद्याक्षरांविषयी आणखी एक बदल जवळ येत आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदीत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरविला आहे. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीत येतील. हजेरीपटावर तेव्हा दोन आद्याक्षरांऐवजी तीन लिहावी लागतील आणि त्यांतील मधले आईचे असेल. हजेरीत नाव आखडताना आईचे अक्षर गाळण्याचा मोह होईल, कारण जुना रकाना अरुंद असतो. तो रकाना आधीच रुंद आखून घ्यावा.

राहता राहिले 'भापूश्र'. भावपूर्ण श्रद्धांजली या दोन शब्दांचा हा संक्षेप. एखाद्या सेवानिवृत्त गुरुजींच्या निधनाची वार्ता गटावर येते आणि पाच मिनिटांत तीस जणांचे 'भापूश्र' तिच्याखाली पडतात. त्यांत भाव पुरा नसतो आणि शब्दही नसतो. गुरुजींची मुलगी त्याच गटात असते व ती ते वाचीत असते. वेळ नसेल तर काहीच न लिहिता दुसऱ्या दिवशी घरी जाऊन यावे. लिहावयाचे असेल तर गुरुजींची एक आठवण एका वाक्यात लिहावी. वाढदिवसाच्या 'एचबीडी' विषयी एवढे कडक होण्याचे कारण नाही. आनंदाच्या प्रसंगी आखडते घेतलेले कोणाच्या मनास लागत नाही.

शिक्षक आपापसात जे लिहितात त्यावर बंधन घालावे असे येथे सुचवावयाचे नाही. केंद्राच्या गटावर 'ग. शि. अ.', 'के. प्र.', 'शा. पो. आ.' ही अक्षरे सर्वांस पाठ आहेत. मोडी कारकुनांच्या दोन रेघांप्रमाणे ती शिकून घेतलेली आहेत. पालकांच्या गटावर मात्र दिवस, वेळ, ठिकाण, सुट्टी, आजार, पैसे व परीक्षा यांसंबंधीचा कोणताही शब्द आखडू नये. 'उद्या' असेही नुसते लिहू नये. निरोप रात्री बारानंतर वाचणारास 'उद्या' निराळा असतो. वार व तारीख दोन्ही लिहाव्या. पावसाळ्यात तर हे फारच पाळावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपण जाणतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती याच्या कितीतरी वर चढली होती. अशा दिवसांत गटावर येणारा प्रत्येक निरोप कोणीतरी पाण्याच्या काठी उभे राहून वाचीत असतो.

चौथी-पाचवीच्या वर्गास एक तासाचा पाठ याच विषयावर घेता येईल. मुलांस घरातील एक जुने पत्र, एक लग्नपत्रिका व आजच्या निरोपांपैकी एक निरोप वहीत उतरवून आणावयास सांगावे. प्रत्येकातील संक्षेप अधोरेखित करावे, त्यांचे पुरे शब्द घरी विचारून लिहावे. लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' हमखास सापडेल. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हा शब्द पुरा म्हणताना मुले हसतील, हसू द्यावे. मग ज्या संक्षेपाचे दोन अर्थ निघाले त्यांची एक यादी फळ्यावर करावी. प्रस्तुत लेखकाने हा पाठ प्रथम घेतला तेव्हा यादीतील पहिले अक्षर त्यानेच लिहून दिले : 'सु.' वर्गातून सुट्टी, सुरू, सुधारित, सुमारे असे चार शब्द आले. मागच्या बाकावरून एका मुलाने सुपारी असेही सांगितले, तेही लिहून घेतले.